सहा मंत्रांचा सॉर्सरर, चौदा मंत्रांची विझर्ड

प्रश्न : वर्षभरापासून चार मित्रमैत्रिणींसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची मोहीम, म्हणजे लांबलचक गोष्ट, चालवणाऱ्या एका डंजन मास्टर (खेळाची सूत्रधार) वाचिकेचे हे पत्र आहे. त्यांचा खेळ पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे चालतो आणि सगळी पात्रे सध्या पाचव्या पातळीवर आहेत. ड्रॅगनच्या वंशातला सॉर्सरर (जन्मजात जादू असलेला जादूगार) खेळणाऱ्या मित्राची तक्रार अशी, की त्याला जेमतेम सहा मंत्र येतात, तर विझर्ड (अभ्यासाने जादू शिकलेली जादूगार) खेळणाऱ्या मैत्रिणीच्या मंत्रपोथीत चौदा आहेत आणि त्यांतले नऊ ती रोज नव्याने निवडते. त्याला आणखी पाच मंत्र हवे आहेत, शिवाय खर्चलेले स्लॉट (मंत्र म्हणण्याच्या ठरावीक संधी) परत मिळवण्याची विझर्डची सोयही हवी आहे. हे सगळे त्याला मिळणार असेल तर मेटामॅजिक, म्हणजे मंत्र हवा तसा वाकवण्याची सॉर्सररची खास कला, आपल्यालाही मिळाले पाहिजे, असे मैत्रिणीचे म्हणणे आहे. क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र म्हणणारे पात्र) खेळणारी मैत्रीण या वादात पडत नाही. चौथा खेळाडू फायटर आहे. सत्र तीन तासांचे असते, त्यात बहुधा एकच मोठी लढाई होते आणि ती संपली की पात्रे झोपी जातात. दोन्ही जादूगारांच्या डॅमेजचा, म्हणजे शत्रूला होणाऱ्या इजेचा, तक्ता मांडूनही पत्रलेखिकेला निर्णय करता आलेला नाही. सॉर्सररचे नियम बदलावेत, २०२४ च्या सुधारित नियमांकडे वळावे, की दोघांनाही नकार द्यावा, असे त्या विचारतात.

उत्तर :

तुमचा तक्ता मन लावून केलेला आहे आणि त्यातली एकही बेरीज चुकलेली नाही. तरीही त्यातून निर्णय निघाला नाही, याचे कारण तुमच्या मित्राची अडचण डॅमेजची नाहीच. फायरबॉल हा आगीचा मंत्र विझर्डने टाकला काय किंवा सॉर्सररने टाकला काय, आठ सहापैलू फासेच पडतात आणि सरासरी २८ च येते. उलट सॉर्सररने मेटामॅजिकसाठी मिळणारे दोन सॉर्सरी पॉइंट खर्चून तोच मंत्र बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, उरकला, तर मुख्य ॲक्शन मोकळी राहते आणि तीत फायर बोल्ट हा स्लॉट न लागणारा मंत्र मारता येतो. नेम लागला तर पाचव्या पातळीवर दोन दशपैलू फाशांचे सरासरी ११ वर मिळतात. त्यातून तुमच्याकडे दिवसाला लढाई एकच. पाचही पॉइंट त्या एका लढाईत उधळायला तो मोकळा आहे, कारण संध्याकाळसाठी काही राखून ठेवण्याची वेळच येत नाही. लढाईच्या मैदानावर तुमचा मित्र मैत्रिणीच्या मागे नाही, बहुधा चार पावले पुढेच आहे.

स्लॉट परत मिळवण्याच्या मागणीचे तर लगेच निपटते. पाचव्या पातळीवर दोघांकडे स्लॉट सारखेच आहेत (मंत्रांच्या पातळ्या पात्रांच्या पातळ्यांहून वेगळ्या मोजतात) : पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन, एकूण नऊ. विझर्डला दिवसातून एकदा, तासाभराच्या लहान विश्रांतीनंतर, एकूण तीन पातळ्यांइतके स्लॉट परत मिळतात, म्हणजे फार तर तिसऱ्या पातळीचा एक. सॉर्सररला पाच पॉइंट मोडून नेमका तेवढाच एक स्लॉट बनवता येतो, आणि त्यासाठी तासभर बसावेही लागत नाही. शिवाय तुमच्या पत्रात लहान विश्रांतीचा उल्लेखच नाही. तुमची पात्रे लढतात आणि थेट झोपतात. तेव्हा ज्या सोयीचा तुमच्या मित्राला हेवा वाटतो, ती तुमच्या मैत्रिणीने या वर्षात फारशी वापरलेलीही नसावी. ही मागणी तुम्ही खुशाल बाजूला ठेवावी.

मग दुखते कुठे? पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलेला एक प्रसंग मला तक्त्यापेक्षा जास्त बोलका वाटला. भुयारात एक बंद दगडी दार होते आणि त्यावर कोणालाही न येणाऱ्या भाषेतला लेख कोरलेला होता. विझर्डने कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस हा भाषा उलगडणारा मंत्र रिचुअल म्हणून, म्हणजे सावकाश पण स्लॉट न खर्चता, म्हटला आणि लेख वाचला; मग जादू ओळखणारा डिटेक्ट मॅजिक, तोही रिचुअल; मग तिचे पाळीव घुबड फटीतून पलीकडे डोकावून आले. यात खरा पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात सॉर्सरर खेळणारा मित्र फाशांवर फासे रचून मनोरा करत होता, असे तुम्ही लिहिले आहे. दार उघडल्यावर पलीकडच्या राक्षसांना त्यानेच जाळून टाकले, पण त्या रात्री निरोप घेताना सगळे घुबडाबद्दलच बोलत होते. त्याची तक्रार इथली आहे. त्याने ती मंत्रांच्या संख्येच्या भाषेत मांडली, कारण नियमपुस्तकात मोजता येण्यासारखी तेवढीच एक गोष्ट आहे.

रिचुअलचा नियम या वादात सहसा कोणी काढत नाही, पण फरक पडतो तो त्यानेच. विझर्डच्या पोथीत असलेला रिचुअल मंत्र त्या दिवसाच्या निवडीत नसला तरी दहा मिनिटे जास्त देऊन, एकही स्लॉट न खर्चता म्हणता येतो. म्हणजे नऊ निवडलेले मंत्र आणि त्याशिवाय पोथीतले सगळे रिचुअल, असा तिचा खरा आवाका आहे. २०१४ च्या नियमांत सॉर्सररला रिचुअलची मुभाच नाही. कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस त्याच्याही यादीत आहे, पण तो शिकायचा तर सहापैकी एक जागा कायमची द्यायची आणि दर वेळी स्लॉटही मोजायचा. असा सौदा कोणता शहाणा खेळाडू करील? तुमच्या मित्राने घेतलेले मंत्र पाहा : शील्ड, बर्निंग हँड्स, स्कॉर्चिंग रे, मिस्टी स्टेप, फायरबॉल, हेस्ट. यांतले तीन आग ओकतात, एक जीव वाचवतो, एक जागा बदलतो आणि एक मित्राला वेग देतो. मिस्टी स्टेप सोडला तर बंद दारापुढे यांतल्या एकाचाही उपयोग नाही. निवड त्याचीच आहे हे खरे, पण सहाच जागा असल्या की बहुतेक जण आधी जीव वाचवण्याची सोय पाहतात.

सॉर्सररवर ही पाळी कशी आली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९७४ मध्ये खेळ निघाला तेव्हा जादूगाराचा समतोल काळावर सोपवलेला होता. दुसरी पातळी गाठायला फायटरला २,००० अनुभवगुण पुरत, मॅजिक-यूजरला, म्हणजे तेव्हाच्या जादूगाराला, २,५०० लागत. सुरुवातीला तो एका फटक्यात मरे आणि टिकला तर शेवटी सगळ्यांना पुरून उरे. सॉर्सरर २००० साली तिसऱ्या आवृत्तीत आला. त्या काळी विझर्डला सकाळीच प्रत्येक स्लॉटमध्ये कोणता मंत्र जाणार हे ठरवावे लागे; फायरबॉल एकदाच भरला असेल तर तो एकदाच निघे. सॉर्सररला मोजकेच मंत्र येत, पण त्यांतला कोणताही तो ऐन वेळी निवडू शके आणि दिवसाला जास्त वेळा म्हणू शके. सौदा बरोबरीचा होता : पाठांतर कमी, मोकळीक जास्त. २०१४ च्या नियमांनी ही मोकळीक विझर्ड, क्लेरिक, ड्रुइड अशा सगळ्यांनाच देऊन टाकली. सॉर्सररची मिळकत अशी सर्वांत वाटली गेली आणि मोजक्या मंत्रांचे कर्ज मात्र त्याच्या नावावर राहिले. बदल्यात मेटामॅजिक मिळाले, ते चांगलेही आहे, पण पाच पॉइंटांत त्याची चैन फार वेळ चालत नाही.

तेव्हा तुमचा मित्र मोजायला चुकला असला तरी त्याची तक्रार पोकळ नाही, आणि नियम करणाऱ्यांनीही ती एका अर्थी मान्य केली आहे. २०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पूरक नियमपुस्तकामध्ये आलेल्या सॉर्सररच्या दोन नव्या शाखांना नवव्या पातळीपर्यंत दहा मंत्र वरकड मिळतात. ड्रॅगनवंशाच्या जुन्या शाखेला मात्र एकही नाही. हा फरक तुमच्या टेबलावर तुम्ही भरून काढावा, असे मला स्पष्टपणे वाटते. मात्र त्याने मागितलेले पाच मोकळे मंत्र देऊ नयेत. मोकळे दिले तर पाचांतले चार पुन्हा आगीचे निघतील आणि पुढच्या बंद दारापाशी पुन्हा फाशांचा मनोरा उभा राहील. त्यापेक्षा मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे एक, असे आज तीन मंत्र वंशाच्या नात्याने द्यावेत, आणि ते लढाईबाहेरही चालतील असे असावेत. ड्रॅगनचा दरारा म्हणून कमांड, खजिन्याचा वास येतो म्हणून लोकेट ऑब्जेक्ट, सावली पडताच पळापळ होते म्हणून फिअर, अशी यादी मी केली असती. तुमच्या मित्राशी बोलून ती बदलावी. सहा आणि तीन मिळून नऊ होतात, म्हणजे मैत्रिणीच्या रोजच्या निवडीइतके, आणि हा आकडा तिलाही समजावून सांगता येतो.

याखेरीज एक छोटी सवलत मी देईन. मूळ नियमाप्रमाणे सॉर्सररला पातळी वाढेल तेव्हाच एक मंत्र बदलता येतो. दीर्घ विश्रांतीनंतर, म्हणजे रात्रीच्या झोपेनंतर, एखादा बदलण्याची परवानगी दिली तर चुकलेली निवड चार महिने उरावर बसत नाही. काही टेबलांवर सॉर्सररला स्लॉटऐवजी डंजन मास्टरच्या पुस्तकातली मंत्रगुणांची पर्यायी पद्धत देतात. पाचव्या पातळीवर तिचे २७ गुण होतात. ती वाईट नाही, पण तुमच्या मित्राला म्हणण्याची संख्या कमी पडत नसून म्हणायचे काय याची वानवा आहे, त्यामुळे तुमच्या कामाची नाही.

आता मैत्रिणीकडे. मेटामॅजिक मागण्यामागे हाव आहे असे मला वाटत नाही. दुसऱ्याला काही मिळाले की आपले मोल उतरते, ही भीती त्यात दिसते. मेटामॅजिक तिला देऊ नये, कारण सॉर्सररकडे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच आहे. तिला ते हवेच असेल तर २०२० च्या त्याच पुस्तकातले मेटामॅजिक अडेप्ट हे फीट (जादा कौशल्य) आठव्या पातळीवर घेता येईल : दोन प्रकार, दोन पॉइंट, आणि किंमत म्हणून एका गुणवाढीवर पाणी. पण तिला विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळा आहे. तिच्या पोथीतले चौदा मंत्र म्हणजे सुरुवातीचे सहा आणि पुढच्या प्रत्येक पातळीचे दोन, एवढेच होतात. याचा अर्थ वर्षभरात तिला एकही मंत्र सापडून उतरवून घेता आलेला नाही. मंत्राच्या दर पातळीमागे दोन तास आणि सोन्याची ५० नाणी खर्चून परकी पोथी उतरवणे, हे विझर्ड होण्यातले निम्मे सुख आहे. पुढच्या लुटीत एखादी अर्धी जळालेली मंत्रपोथी ठेवा. मेटामॅजिकचा विषय ती स्वतःच सोडून देईल.

मात्र जादूच्या वस्तूंची खैरात करून तोल साधायला जाऊ नका. एका मोहिमेत मी स्वतः ते केले होते. सॉर्सरर रुसला म्हणून त्याला एक जादूची काठी दिली, ती पाहून विझर्डला पोथी दिली, मग दोघांना पुरे पडावेत म्हणून राक्षस फुगवले, आणि त्या राक्षसांच्या फटक्यांखाली तिसऱ्याच खेळाडूचे पात्र आठवडा दोन आठवडे बेशुद्ध पडू लागले. तो खेळाडू पुढे यायचा बंद झाला. तो फायटर खेळत असे.

हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या पत्रात फायटर फक्त एका वाक्यात येतो, तेही चौघांची संख्या पुरी करण्यासाठी. तो तक्रार करत नाही म्हणून तो सुखी आहे, असे आपण धरून चाललो आहोत. दिवसाला एकच लढाई हा तुमच्या टेबलाचा शिरस्ता दोन्ही जादूगारांना सारखाच मानवतो. नऊ-नऊ स्लॉट घेऊन ते तीन-चार फेऱ्यांत सगळे ओतून टाकतात आणि झोपतात. फायटरची दुसरी ॲक्शन आणि दम खाऊन जखम भरण्याची सोय लहान विश्रांतीनंतर परत येते, आणि तुमच्याकडे ती विश्रांतीच होत नाही. त्याची तलवार सहाव्या लढाईतही पहिल्या लढाईइतकीच चालते, पण सहावी लढाई कधी येतच नाही. हे वाचणाऱ्या ज्या टेबलांवर वॉरलॉक (करारातून जादू मिळवलेला जादूगार) आहे त्यांनी तर अधिक सावध व्हावे : पाचव्या पातळीच्या वॉरलॉकला एका वेळी दोनच स्लॉट असतात आणि ते लहान विश्रांतीवर परत येतात. ती नसेल तर इतरांचे नऊ मंत्र होतात तिथे त्याचे दोन, आणि खापर मात्र वर्गावर, म्हणजे पात्राच्या प्रकारावर, फुटते.

२०१४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या आहेत. तीन तासांच्या सत्रात ते कोणालाच जमत नाही आणि जमवायलाही नको. सत्र संपले म्हणून खेळातला दिवस मावळलाच पाहिजे असे मात्र नाही. उरलेले स्लॉट, पॉइंट आणि जखमा कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या सत्रात तीच दुपार पुढे चालू करा. एक दिवस दोन-तीन सत्रे चालला की दोन लहान विश्रांती आपोआप बसतात. दीर्घ विश्रांतीचा लाभ २४ तासांत एकदाच मिळतो हा नियमही पाळायला लागा, कारण सकाळी लढून लगेच पुन्हा ताजेतवाने होण्याची पळवाट त्यानेच बंद होते. लहान विश्रांती आठ तासांची आणि दीर्घ सात दिवसांची करण्याचा पर्यायही पुस्तकात आहे, पण तो भुयारांच्या मोहिमेला मानवत नाही. आठ तास टिकणारे मेज आर्मर हे जादूचे चिलखत त्यात अर्ध्या वाटेतच विरून जाते.

दिवस असा लांबला की रिचुअलच्या दहा मिनिटांनाही किंमत येते. विझर्डला अडवण्यासाठी दर दारामागे पहारेकरी उभा करू नका, तो डाव तिला लगेच कळेल. भुयारात पाणी चढते आहे, कैद्याला सूर्यास्ताला मारणार आहेत, अशी सगळ्यांनाच लागू होणारी घाई अधूनमधून असू द्या. तिने दहा मिनिटे द्यायची की मित्राने स्लॉट द्यायचा, याची चर्चा मग टेबलावर सुरू होते, आणि त्या चर्चेला दोघेही लागतात.

सॉर्सररसाठी एक दृश्य मात्र मुद्दाम रचा. त्याने क्विकन्ड (मंत्र झटपट उरकणे) आणि ट्विन्ड (एकच मंत्र दोघांवर टाकणे) हे मेटामॅजिकचे प्रकार घेतले आहेत. तिसरा प्रकार दहाव्या पातळीपर्यंत मिळत नाही, म्हणून एकदा बदलाची मुभा देऊन क्विकन्डच्या जागी सटल (मंत्र गुपचूप म्हणणे) घेऊन पाहशील का, असे त्याला विचारा. मग त्याला अशा दरबारात न्या जिथे ओठ हलले तरी पहारेकरी तलवारीला हात घालतात. विझर्डला तिथे गप्प बसावे लागते. सॉर्सरर एक पॉइंट देतो, ना शब्द ना हातवारा, आणि कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येते. त्यासाठी आधीच्या विश्रांतीत बदलून घेतलेल्या चार्म पर्सन या भुरळ घालणाऱ्या मंत्राला साहित्यही लागत नाही, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात येत नाही. तासाभराने मंत्र उतरला की कारभाऱ्याला सगळे कळेल, तोवर पात्रांनी वेशीबाहेर असावे, हे त्याला आधी सांगून ठेवा.

२०२४ च्या नियमांकडे वळावे का? नव्या मोहिमेसाठी मी बिनदिक्कत हो म्हणेन. तिथे पाचव्या पातळीच्या सॉर्सररला आणि विझर्डला प्रत्येकी नऊच मंत्र तयार ठेवता येतात, ड्रॅगनवंशाला त्यावर कमांड, फिअर, फ्लाय यांसारखे स्वतःचे मंत्र मिळतात, आणि तयार असलेला रिचुअल कोणालाही म्हणता येतो. चालू मोहिमेत मात्र मी घाई करणार नाही. तुमचा मित्र तीन पॉइंट देऊन हेस्ट दोघांवर एकदम टाकतो आणि त्या फेरीत फायटर खुशीत येतो, असे तुम्हीच लिहिले आहे. २०२४ मध्ये ट्विन्डचा नियम बदलला आहे आणि हेस्ट त्यात बसत नाही. एकाची तक्रार मिटवताना दोघांचा लाडका डाव हिरावला जाईल, तेव्हा चौघांचे एकमत असेल तरच वळा. आणि कोणी चौथ्या आवृत्तीचा दाखला दिला तर त्याचाही विचार व्हावा : २००८ मध्ये सगळ्या वर्गांना एकाच साच्याच्या शक्ती देऊन बरोबरी साधली होती, आणि पुष्कळ खेळाडूंना ते वर्ग एकसारखे वाटू लागले.

आता क्रम. आधी मित्राला एकट्याला गाठा आणि गेल्या तीन सत्रांत त्याला कंटाळा नेमका कधी आला, एवढेच विचारा. मंत्रांच्या संख्येचा विषय तुम्ही काढू नका. तीन वंशमंत्र आणि मंत्रपोथी या दोन्ही गोष्टी एकाच सत्रात येऊ द्या, म्हणजे कोणाला आधी मिळाले हा नवा वाद उरणार नाही. लांब दिवसाची पद्धत चार सत्रांपुरती प्रयोग म्हणून जाहीर करा आणि चौथ्या सत्रानंतर पंधरा मिनिटे बसून ती ठेवायची की सोडायची हे ठरवा. त्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा फायटरला बोलू द्या.